पावाने नेमलेला धर्मपिता

एका मुलाचे केस कापायचे होते. एवढेच. पूल बांधायचा नव्हता, निवडणूक लढवायची नव्हती. सान खेरोनिमोच्या नगरपालिकेत मी एकतीस वर्षे जन्म-मृत्यूच्या नोंदी केल्या. माझ्या सहीवाचून या गावात कोणाला रीतसर जन्मता आले नाही की रीतसर मरता आले नाही. तीच मी एका पावणेतीन वर्षांच्या डोक्यापुढे दोन महिने हतबल झाले होते, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. संकोच वाटतो तो पुढच्या काही गोष्टी सांगायला. पण शेजारच्या दॉन्या सातुर्निनाच्या तोंडून त्या विपर्यस्त होऊन तुमच्यापर्यंत येण्यापेक्षा माझ्याच तोंडून आलेल्या बऱ्या.

तादेओ हा माझ्या मुलीचा मुलगा. मुलगी यानेत इटलीत, मिलान शहरात असते. तिथे ती एका श्रीमंत म्हातारीला न्हाऊ घालते, भरवते आणि संध्याकाळी हात धरून बागेत फिरवते. त्या म्हातारीचे सांधे कसे आहेत याची खबर मला आठवड्यातून दोनदा मिळते; माझ्या सांध्यांची चौकशी वेळ उरला तर होते. यानेत गेली तेव्हा तादेओ आठ महिन्यांचा होता. तेव्हापासून तो मला ‘आई’ म्हणतो आणि तिला ‘फोनमधली आई’. यात दुरुस्ती करून घेण्याचा मी अनेकदा प्रयत्न केला. अर्जदाराने ती फेटाळली.

यंदा मे महिन्यात यानेतला तिकडचे परवानगीपत्र मिळाले. मुलाला नेता येणार होते, मात्र मुदत ऑगस्टअखेरची. नेण्यासाठी पासपोर्ट हवा, पासपोर्टसाठी फोटो हवा, फोटोत चेहरा हवा, आणि चेहऱ्यावर तर जन्मापासूनचे जावळ खांद्यापर्यंत लोंबत होते. सारांश, केस कापले की तादेओ जाणार. हे मी आरंभीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच कोणी माझ्याकडे दयेने पाहायला नको. मुलाने आईजवळ असावे हे योग्यच आहे. या गोष्टीला माझे पूर्ण अनुमोदन होते आणि ते मी यानेतला फोनवर स्पष्ट आवाजात कळवले होते. आवाज स्पष्ट राहावा म्हणून आधी पाणी प्यायले होते, ती बाब वेगळी.

कुस्कोच्या पासपोर्ट कार्यालयात खिडकीमागे एक तरुण मुलगी बसली होती. मी एकतीस वर्षे खिडकीच्या आतल्या बाजूला काढलेली. बाहेरच्या बाजूला उभे राहिले की खिडकी किती खाली असते आणि माणसाला किती वाकावे लागते, हे त्या दिवशी प्रथम ध्यानात आले. मुलगी म्हणाली की कपाळ, भुवया आणि दोन्ही कान दिसायला हवेत. मी केसांना चिमटा लावला. तादेओने तो काढून तिला भेट दिला. मी केस पाण्याने चापून बसवले. ते वाळेपर्यंत तादेओने डोळे मिटून घेतले, कारण डोळे मिटले की आपण कोणाला दिसत नाही असे त्याचे ठाम मत आहे. सहा फोटो निघाले. एकात कान होता पण मुलगा नव्हता.

‘‘आजी, पुढचे चार केस कापून टाका ना,’’ मुलगी म्हणाली. ‘‘दोन मिनिटांचं काम.’’

मी तिला तिचे गाव विचारले. लिमा, म्हणाली. मग मी चिमटा परत घेतला. समुद्राकाठच्या माणसांना काय सांगायचे?

आमच्याकडे डोंगरात पहिले केस असे येता-जाता कापत नाहीत. मुलासाठी धर्मपिता नेमावा लागतो. पहिली कात्री त्याची. जावळाच्या बारीक वेण्या घालून, फिती बांधून, मग एकेक पाहुणा एकेक वेणी कापतो. ज्याने पहिली वेणी कापली तो त्या मुलाचा दुसरा बाप आणि त्याच्या घरच्यांचा जन्माचा आप्त. नवरा एक वेळ सोडता येतो, हे नाते सुटत नाही. त्या ‘चार केसांत’ हे सगळे होते.

दॉन्या सातुर्निनाने अर्थातच सल्ले दिले. ती सल्ले देते तेव्हा फाटकाला रेलून उभी राहते आणि फाटक दर वेळी थोडे आणखी वाकते. डोक्याला मोजा बांधा, म्हणाली. फोटोच्या वेळी चीज दाखवा. मुलगा झोपल्यावर बसवून फोटो काढा. झोपेत डोळे मिटलेले असतात, याकडे मी लक्ष वेधले.

‘‘मग पापण्यांना धरा की कोणीतरी,’’ ती म्हणाली. ‘‘एवढ्या शिकलेल्या तुम्ही, एर्मेलिंदा, आणि एक पोर आवरेना.’’

वास्तविक पोर आवरत नव्हते असे नव्हे. आमचा दिनक्रम शिस्तीचा होता. पहाटे साडेपाचला तादेओ माझी पापणी बोटाने उचलून आत कोणी आहे का पाही. मग एका पायात मोजा. दुसऱ्या पायातल्या मोज्याशी त्याचे वैर. नाश्त्याला उकडलेला बटाटा, पण त्या बटाट्याचे नाव विचारल्याशिवाय तो खायचा नाही, आणि कालचे नाव आज चालायचे नाही. बटाट्यांना नावे देता देता मी जुन्या नोंदवह्यांतील निम्मे गाव संपवले. दुपारी तो ‘नको’ म्हणे, संध्याकाळी ‘मी’ म्हणे, आणि या दोन शब्दांत त्याचे सर्व व्यवहार चालत.

दोष म्हणावा तर एकच. त्याला वस्तू देण्याचे व्यसन होते. हाताला लागेल ती वस्तू उचलायची आणि दुसऱ्याला नेऊन द्यायची. माझी चप्पल त्याने पोस्टमनला दिली. चमचे कुत्र्याला. माझा चष्मा तर महिन्यातून तीनदा शेजारच्या दॉन सेवेरोच्या घरी जाई, आणि दॉन सेवेरो तो एक अक्षरही न बोलता आमच्या भिंतीवर ठेवून जाई.

एक अक्षरही न बोलता, कारण आमचे अकरा वर्षे बोलणे नव्हते. दॉन सेवेरो हा बँडमध्ये ट्यूबा वाजवतो. ट्यूबा म्हणजे पितळेचे ते अजस्र वाद्य, ज्यात माणूस शिरल्यासारखा दिसतो. एकटाच असतो. अकरा वर्षांपूर्वी तो आपल्या आईच्या मृत्यूची नोंद करायला माझ्या खिडकीशी आला होता. दुसऱ्या साक्षीदाराची सही नव्हती. मी परत पाठवले. सही आणली तर साक्षीदाराचे ओळखपत्र नव्हते, परत पाठवले. तिसऱ्या वेळी कार्यालयाची वेळ संपून चार मिनिटे झाली होती. नियम नियम असतो. पण तेवढ्याने दफनाला एक दिवसाचा उशीर झाला, आणि त्या आठवड्यापासून माझ्या वामकुक्षीच्या वेळी, बरोबर दोन वाजता, भिंतीपलीकडे ट्यूबाचा सराव सुरू झाला. अकरा वर्षांत तो एक दिवसही चुकला नाही. नियमाचे पालन मी ओळखते.

धर्मपिता म्हणून माझ्या मनात इंजिनिअर वालेन्सुएला होते. पाणीपुरवठा खात्यात मोठ्या हुद्द्यावर. कोट नेहमी इस्त्रीचा. मी फोन करून येत असल्याचे सूचित केले आणि ओरोपेसाहून हुर्क्याचा पाव मागवला. हुर्का म्हणजे आमच्याकडचे आमंत्रण, पण आमंत्रणाहून कडक. परातीएवढा गोल गोड पाव, सोबत एक बाटली, वर भरतकामाचे वस्त्र. हे ज्याच्या दारी नेले त्याला मान दिला असे होते. त्याने पाव मोडून खाल्ला की शब्द बांधला गेला. पुढे कागद नाही, सही नाही, तरी ते मोडता येत नाही. कायद्याच्या राज्यात एकतीस वर्षे काढूनही मी असा पक्का करार पाहिलेला नाही.

शनिवारी सकाळी मी टेबलावर पाव ठेवला, त्यावर माझ्या आईच्या हातचे वस्त्र घातले आणि केस विंचरायला आत गेले. केस विंचरायला मला सात मिनिटे लागतात. बाहेर आले तेव्हा टेबलावर बाटली होती.

मी घर शोधले. पलंगाखाली, पिंपात, कुत्र्याच्या तोंडात. तादेओ उंबऱ्यावर बसून रिकामे हात पाहत होता. त्याची मुद्रा दानधर्म करून आलेल्या माणसाची होती.

‘‘पाव कुठे आहे, तादेओ?’’

‘‘दिला,’’ तो म्हणाला.

कोणाला हे विचारण्याची पाळी आली नाही. फाटक वाजले. दॉन सेवेरो उभा होता. हॅट हातात, अंगात बँडचा निळा कोट, मिशीत पावाचे कण. त्याचे डोळे लाल होते. अकरा वर्षांत तो माझ्या फाटकाच्या आत प्रथमच आला.

‘‘दॉन्या एर्मेलिंदा,’’ तो म्हणाला, ‘‘मी खाल्ला. उभ्यानंच खाल्ला, बसायचंही सुचलं नाही. तुम्ही तोंडानं माफी मागणाऱ्यातल्या नाही, हे मला ठाऊक होतं. पण असं लेकराच्या हातनं पाठवाल, माझ्या आईच्या वेळचं सगळं एका पावात मिटवाल, हे वाटलं नव्हतं. मोठं मन तुमचं. जावळाला पहिली कात्री मीच लावीन.’’

आता माझी स्थिती पाहा. खरे सांगावे तर ‘पाव चुकून आला’ असे म्हणावे लागणार. म्हणजे माझ्या देखरेखीखालच्या मुलाने माझ्या टेबलावरची परातभर वस्तू पळवली हे कबूल करावे लागणार. म्हणजे क्षमायाचना माझी नव्हतीच, हेही. आणि पाव तर मोडलेला. मोडलेला कसला, पोटात गेलेला. मी तोंड उघडले. तोंडातून निघाले ते असे: ‘‘बाटली विसरला होता तो. ही घ्या.’’

अशा रीतीने सान खेरोनिमोचा ट्यूबावादक माझ्या नातवाचा धर्मपिता झाला आणि मला ‘कोमाद्रे’ म्हणू लागला, म्हणजे व्याही-विहिणींहूनही चिवट अशा नात्याने हाक मारू लागला. पहिल्याच दिवसात चौदा वेळा.

उरले इंजिनिअरसाहेब. त्यांना दिलेली सूचना मागे घेणे म्हणजे अपमान. मी काळा पोशाख चढवून, दोन बसगाड्या बदलून, स्वतः गेले. वाटेत मी चार प्रकारे खेद व्यक्त करून पाहिला. त्यांनी तो पुरता ऐकूनही घेतला नाही.

‘‘छे छे, बरंच झालं, दॉन्या,’’ ते म्हणाले. ‘‘तुमचा फोन आल्यापासून बायको म्हणतेय, नाही कसं म्हणायचं ते ठरवा. यंदा तिसरं जावळ आलंय माझ्याकडे.’’ आणि त्यांनी मला एक संत्रे दिले.

ते संत्रे मी परतीच्या बसमध्ये सोलले नाही. कोणाला तरी नको असलेला मान आपण घासूनपुसून न्यावा, यासारखे दुःख नाही. पण हा विचार माझ्या हुद्द्याला न शोभणारा असल्यामुळे मी तो तिथेच सोडला. संत्रे तादेओने दॉन सेवेरोला दिले.

दॉन सेवेरोने धर्मपितेपण अंगावर घेतले ते ट्यूबा घ्यावा तसे, सर्व बाजूंनी. दहा-बारा माणसांचे जेवण मी योजले होते. त्याने परस्पर बँडला सांगितले: अकरा वादक, त्यांच्या बायका, आणि एका वादकाची सासू, जी कुठेही जेवते. दोन माठ चिचा, म्हणजे मक्याची आंबवलेली दारू, त्याने स्वतः गाळली. आणि आदल्या दिवशी खोक्यात भरून सोळा जिवंत गिनिपिग आणले, रश्शासाठी आणि भाजायला. तादेओने खोक्याला नुसते पाहिले. मी म्हटले, हे द्यायचे नाहीत. त्याने मान डोलावली. त्याने ते दिले नाहीत. त्यांनाच मोकळे केले. दॉन्या सातुर्निनाच्या अंगणात नऊ सापडले. तिचे म्हणणे, ते मूळचे तिचेच. उरलेले सात आजही माझ्या चुलीमागे राहतात आणि त्यांची संख्या आता मी नोंदवत नाही.

समारंभाच्या दिवशी तादेओ वेण्या घालायला बसेना. चीज झाले, मध झाला, यानेतने फोनमधून गाणे म्हटले. तो टेबलाखाली जाऊन ‘नको’ या एकाच मुद्द्यावर ठाम राहिला. पाहुणे आले, बटाटे थंड झाले, सासूबाई जेवायला बसल्यासुद्धा. अंगणभर लोकांसमोर माझा अधिकार एका टेबलाखाली संपतो हे दिसत होते. तेव्हा दॉन सेवेरो ट्यूबा घेऊन जमिनीवर बसला आणि त्याने सर्वांत खालचा सूर धरला. तोच. दोन वाजताचा.

तादेओ बाहेर आला. ट्यूबाच्या पोटाला दोन्ही तळवे लावून उभा राहिला आणि हलला नाही. तेव्हा मला उलगडले की अकरा वर्षे ज्या सुराने माझी दुपारची झोप मोडली, त्याच सुरावर हा मुलगा पाळण्यात रोज दोन वाजता झोपी जात आला होता. मला वाटत होते, तो माझ्या थोपटण्याने झोपतो.

मी वेण्या घातल्या. चोवीस झाल्या. ट्यूबा दुसऱ्याच्या हाती देऊन दॉन सेवेरोने पहिली कापली. कात्री माझी असल्यामुळे मी बारकाईने पाहत होते. फोन पावाच्या ताटात उभा केला होता. यानेतच्या वतीने एक वेणी मी कापायची होती. नेमके तेव्हाच चित्र थिजले. मिलानमध्ये तिचा चेहरा अर्धवट हसत थांबून राहिला, आणि मी कात्री उघडी धरून वाट पाहिली. बरीच वाट पाहिली. पाहुणे म्हणाले, कापा आता. मी म्हटले, आई बघत नाही तोवर कापणार नाही. चित्र हलल्यावर मी कापली.

केस गेल्यावर खालून कान निघाले. मोठे, थोडे पुढे आलेले. माझ्या यजमानांचे. त्यांना जाऊन नऊ वर्षे झाली होती आणि ते कान दोन वर्षे माझ्याच घरात, त्या केसांखाली होते.

जावळ आईने एकत्र जपून ठेवायचे असते. मी ते कागदात बांधले, वर माझ्या वळणदार अक्षरात ‘वेण्या चोवीस’ असे लिहिले आणि सही केली. आत तेवीस होत्या. एकतीस वर्षांच्या सेवेत आणि त्यानंतर, माझ्या हातून झालेली ही एकमेव खोटी नोंद.

पासपोर्टचा फोटो एका टिचकीत निघाला. खिडकीतली मुलगी म्हणाली, ‘‘बघा, आजी, दोन मिनिटांचं तर काम होतं.’’

ऑगस्टमध्ये यानेत नऊ दिवसांसाठी आली. तादेओने फोनच्या मागे वाकून पाहिले की ती बाहेर आली कुठून. पहिले चार दिवस तो माझ्या घागऱ्यामागून तिला पाहत राहिला. पाचव्या दिवशी त्याने तिला माझी उशी नेऊन दिली, तेव्हा मी समजले. मी तिच्यासाठी सूचना लिहून काढल्या: मोजा कोणता, बटाट्याला नाव काय द्यावे, पापणी उचलल्यावर दचकू नये. एकोणीस कलमे झाली. विसावे कलम तिनेच विचारले.

‘‘दुपारी झोपतो कसा गं, आई?’’

मी पेन खाली ठेवले. ‘‘ते तिकडे मिळायचं नाही,’’ मी म्हणाले. दॉन सेवेरोने तिच्या फोनमध्ये तो सूर भरून दिला, चाळीस मिनिटे, मध्ये एकदा श्वास घेऊन.

विमानतळावर मी नीट उभी होते. रडण्याचा प्रश्नच नव्हता. मी लोकांची मरणे नोंदवताना रडले नाही. तादेओला मी कडेवर घेतले, त्याने माझा चष्मा काढला, मी त्याला यानेतकडे दिले, आणि दाराशी पोहोचताच त्याने तो चष्मा गणवेशातल्या पहारेकऱ्याला देऊन टाकला. पहारेकरी कर्तव्यदक्ष होता. चष्मा कोणाचा, पुरावा काय, अशी त्याने रीतसर चौकशी केली. मी तसेच केले असते. चष्मा परत मिळून मी तो डोळ्यांवर चढवला तेव्हा काचेचे दार मिटलेले होते आणि पलीकडे सगळी परकी माणसे होती. जाताना तो मागे वळला की नाही, हे मला सांगता येत नाही. यानेत म्हणते, वळला. ती माझी मुलगी आहे. माझ्यासाठी खोटी नोंद तीही करील.

घरी आल्यावर मी पापणी उचलली जाण्याची वाट पाहत पडून राहू लागले. साडेपाचची वेळ कधी चुकली नाही. बटाटे बिननावाचे खाल्ले. त्याच्या मोज्यांचा एक जोड टेबलावर पडला होता. तो मी आवरला नाही. चष्मा दिवसभर जागच्या जागी असे, आणि जागेवर असलेला चष्मा शोधण्यात काही अर्थ नसतो. दोन वाजता भिंतीपलीकडे शांतता असे. दॉन सेवेरोने सराव बंद केला होता. मला त्रास होऊ नये म्हणून, असे दॉन्या सातुर्निना म्हणाली. या बाईचे निदान याही वेळी चुकले.

दहाव्या दिवशी, दोनला पाच कमी असताना, फाटक वाजले. दॉन सेवेरो उभा होता, निळ्या कोटात. हातांवर माझ्या आईच्या भरतकामाचे ते वस्त्र, धुऊन कडक इस्त्री केलेले, आणि त्याखाली गोल, परातीएवढा उंचवटा.

‘‘वस्त्र राहिलं होतं माझ्याकडं, कोमाद्रे,’’ तो म्हणाला. ‘‘रिकामं कसं परत द्यायचं?’’

हुर्क्याचा रिवाज असा की आधी कारण विचारायचे. कशासाठी आलात, काय बांधून घेता? बँडच्या नव्या ट्यूबाला धर्ममाता हवी असेल, घराच्या छपराला हवी असेल, किंवा आणखी काही असेल. आमच्याकडे माणसे कशासाठीही पाव आणतात. कारण ऐकायचे, विचार करायचा, मगच हात लावायचा. एकदा मोडला की मोडला. मी आयुष्यात न वाचता एकाही कागदावर सही केलेली नाही.

मी त्याला आत घेतले, खुर्ची दिली, आणि वस्त्र बाजूला करून पाव मोडला. कारण अजून विचारलेले नाही.